काटा खाली आला

‘ट्रे मध्येच थांबतो, मग आपोआप जातो.’

महेंद्रने पुढे पाठवलेला निरोप एवढाच होता. नीरजा तेव्हा वर्कशॉपच्या दाराशी उभी राहून डंपरच्या सिलिंडरमधून काढलेलं एक जुनं रबरी सील बोटांत वाकवून बघत होती. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या त्या अरुंद शेडमध्ये सकाळचाच काय तो धड उजेड येतो, म्हणून निरखायची कामं ती आधी उरकून घ्यायची. ‘आपोआप’ या शब्दाचं तिला नेहमी हसू यायचं. गिऱ्हाइकं तो हमखास वापरत. जॅक आपोआप बसतो, बकेट आपोआप खाली येते, लिफ्ट आपोआप हलते. फिजिक्समध्ये एमएस्सी करून सिलिंडर दुरुस्तीच्या धंद्यात शिरलेली ही मुलगी त्यांना शांतपणे सांगायची, की काका, तेल आक्रसत नाही, ते फक्त जागा बदलतं. काही हललं असेल तर तेल कुठून तरी कुठे तरी गेलंय, आणि गेलं असेल तर ते सापडतं. हे सांगताना तिला बरं वाटायचं. निदान लोखंडाच्या नळीत तरी जग धड चाललंय असं वाटायचं. मग तिनं निरोपाखालचा पत्ता वाचला. ठाण्यातली, खाडीकडची स्मशानभूमी. गॅसच्या भट्टीत मृतदेह सरकवणारा ट्रे. सील तिच्या बोटांतून निसटून पायाशी पडलं आणि उजव्या तळहाताच्या मधोमध काहीतरी हललं. हात हलला नव्हता. हाताखालचं काहीतरी हललं होतं. तिनं तळहात जीन्सला पुसला, पुसण्यासारखं काहीच नसताना.

“तू ठाण्याचीच ना,” वर्कशॉपचा मालक महेंद्र टेम्पोची किल्ली शोधत म्हणाला, “हे ठिकाण माहितीय का तुला?”

“माहितीय. बाबांना तिथेच नेलं होतं.”

महेंद्र थांबला. “मग तू राहू दे. मी एकटा बघून येतो.”

“तुम्ही फक्त सील बदलून याल, सर,” ती म्हणाली. “मी येते.”

शीळफाट्याला टेम्पो अडकला तो अडकलाच. पुढच्या ट्रेलरचे ब्रेक सुस्कारे टाकत होते. नीरजा मांडीवर पालथा ठेवलेला हात बघत राहिली. तीन वर्षांपूर्वी हा हात असाच होता, नखं थोडी वाढलेली होती इतकंच. बाबा नौपाड्यातल्या एका शाळेत भूमिती शिकवायचे. रेघ पट्टीनंच मारायची, रस्त्यानं चालायचं तेही रेघेवरून चालल्यासारखं. त्यांच्याच शाळेची बस चालवणाऱ्या महिपतशी रसिकाताईनं लग्न केलं, त्या दिवशी ते ओरडले नाहीत. जेवून हात धुतले आणि म्हणाले, “तिचं नाव या घरात नको.” घरात मग ते नाव राहिलं नाही, पण जिथे ते असायचं तिथे प्रत्येकजण अडखळायचा. ताई डोंबिवलीत राहायला आली. नीरजा नुकतीच वर्कशॉपात लागली होती, आणि शनिवारी सुटल्यावर दोघी मानपाडा रोडवरच्या एका पोळीभाजी केंद्राच्या बाकड्यावर भेटायच्या. ताई दुसऱ्यांच्या पोळ्या बघून नाक मुरडायची. घरी कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मग ती संध्याकाळ. बाबा संत्रं सोलत होते, वर न बघता त्यांनी विचारलं, “रसिका भेटते का गं तुला?” ती म्हणाली, “नाही, बाबा.” त्यांनी शिरा काढून एक फोड तिच्या हातावर ठेवली. “बरं,” म्हणाले. सकाळी ते बाथरूममध्ये पडले ते उठलेच नाहीत. त्या फोडीची चव तिला अजून आठवायची, आंबट नव्हती, गोडही नव्हती, नुसती गार.

ट्रेवर बाबांना ठेवलं, डोकं भट्टीकडे, पाय सगळ्यांकडे. तोंड बघून झालं, फुलं वाहून झाली. कुणीतरी बटण दाबलं. पंपाचा घुमणारा आवाज आला, ट्रे वीतभर सरकला आणि थांबला. आवाज चालूच होता. दार उघडं होतं, आतली भगवी धग कपाळावर येत होती, आणि बाबा अर्ध्यात. आधी सगळ्यांना वाटलं मशीन बिघडलं. मग मागून एक बाई पुटपुटली, “काहीतरी राहिलंय त्यांचं,” आणि कावळा शिवेनासा झाल्यावर होतं तसं सगळं सुरू झालं. काका पुढे झाले. “दादा, वहिनींची काळजी करू नकोस.” ट्रे जागचा हलला नाही. “नीरजाचं लग्न मी करून देईन, हे सगळ्यांसमोर सांगतो.” तरी नाही. आई पदराचा बोळा तोंडाशी धरून नीरजाकडे बघत होती. फाटकाबाहेर ताई उभी होती, काकांनी तिला तिथूनच दर्शन घ्यायला सांगितलं होतं. मग नीरजा खाली वाकली. पायांपाशी, ट्रेच्या कडेवर तळहात टेकवला आणि म्हणाली, “बाबा, मी ताईला भेटणार नाही. तिच्याशी बोलणार नाही. कधीच.” आणि तळहाताखाली ते थरथरलं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं, आणि हातातून निघून गेलं. काकांनी ऐकलं होतं. तेराव्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांनी ऐकलं. फाटकातून बाहेर पडताना ताई “नीरू” म्हणाली, तेव्हा नीरजानं चपलांकडे बघितलं आणि ती रिक्षात बसली.

तेव्हापासून ताईचे निरोप येत. शब्द नसत, नुसते फोटो. जमून आलेलं मोरावळ्याचं तांबूस भांडं. गॅलरीत वाळत घातलेली गोधडी. नीरजा बघायची, उत्तर द्यायची नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा शब्द आले होते. ‘मला आठवा लागलाय. माहेरचं कुणीच नाही. दवाखान्यात माझ्याबरोबर राहशील का? नाही म्हटलंस तरी चालेल, पण म्हण.’ महिपतच्या घरी तरी कोण होतं, त्याची आई लहानपणीच गेलेली. नीरजा रोज तो निरोप उघडायची आणि रोज उजव्या हातात ते थरथरणं यायचं. एकदा दिलेला शब्द, आणि तोही ज्याच्याकडून परत घेता येणार नाही अशाला.

स्मशानभूमीत दुपारी शुकशुकाट होता. भट्टी बंद होती, तरी भिंती गरम होत्या. ट्रे चालवणारा धाकू खाडीकडच्याच गावचा होता. खांद्यावर टॉवेल टाकून तो पायरीवर चहा पीत बसला होता. त्यानं नीरजाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमीच काय मशीनचे डॉक्टर? मागं एक आलेला, त्यानं रबर बदलला. काय फरक नाय.”

“दर वेळी थांबतो का?” तिनं विचारलं.

“नाय बाय. दर्शनाला मी थांबवतो, या पिवल्या पट्ट्यावर. बघा, फूल टाका, झाला. मंग बटन दाबला का कोन सरल जातो, कोन हट्ट करतो.”

“हट्ट?”

“मंग काय. आता त्या दिवशी एक म्हातारा. पोरांनी सगला कबूल केला, आईला बघू, भांडनार नाय. ढिम्म. त्याचा एक दोस्त आला काठी टेकीत, बोलला, तुझा पोपट मी नेतो रे घरी. गेला.”

महेंद्र हसला. “आणि नेला का पोपट?”

“नेला तर. रिक्षातना पिंजरा घेऊन गेला माझ्यासमोर.” धाकूला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. तो म्हातारा, तो दोस्त, तो पोपट त्याच्या दृष्टीनं सरळ हिशेबात होते.

नीरजानं कामाला सुरुवात केली. नेहमीच्या क्रमानं केली, कारण क्रम सोडला असता तर तिला तिथे उभं राहता आलं नसतं. ट्रेखाली गुडघ्यावर बसून तिनं ट्रे ढकलणारा सिलिंडरचा रॉड बघितला. वाकलेला नव्हता. सांध्यांतून तेल ठिबकत नव्हतं, म्हणजे बाहेरची गळती नाही. टाकीतलं तेल काळं होतं पण त्यावर फेस नव्हता. तेलात हवा शिरली की सिलिंडर धक्के देत चालतो, हा तसा चालत नव्हता. रुळांवर चाकं सुरळीत फिरत होती. रिकामा ट्रे तिनं पाच-सहा वेळा आत-बाहेर केला, एकदाही थांबला नाही. “बघा,” धाकू म्हणाला, “मानूस नाय तं हट्ट नाय.” मग तिनं त्याला ट्रेवर सरपणाचे ओंडके रचायला सांगितले. एका माणसाचं वजन. ओंडके लांबट होते आणि धाकूनं सवयीनं ते नीट, मधोमध, एका रेषेत ठेवले. नीरजानं तिकडे बघायचं टाळलं. प्रेशर गेजवर काजळीचा थर होता, तो चिंधीनं पुसून ती काट्यासमोर उभी राहिली. “दर्शनाला थांबवता तसा थांबवा. मग सोडा.”

धाकूनं पट्ट्यावर ट्रे थांबवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला, खरंच कुणी तोंड बघत असल्यासारखा, आणि पुन्हा बटण दाबलं. ट्रे वीतभर गेला. थांबला. तोच आवाज. भट्टी बंद होती आणि तरी नीरजाच्या कपाळावर धग आली. हात तिनं पाठीमागे बांधून घेतला. आता काटा वर जाईल, तिला ठाऊक होतं. काही आडवं आलं, काही अडकलं, कुणी धरून ठेवलं, की तेलाचा दाब वाढत जातो, काटा चढतो, पंप कण्हायला लागतो. जे काही त्याला अडवतंय ते किती जोरानं अडवतंय तेही काटा सांगतो. ती वाट बघत होती. तिला कळलं की आपण आशेनं वाट बघतोय.

काटा खाली आला. हळूहळू, दमलेल्या माणसानं बसावं तसा, आणि जवळजवळ शून्याशी टेकला. पंपाचा आवाजही हलका झाला होता. ओझं उतरवून ठेवल्यासारखा.

“सर,” ती म्हणाली. “कुणी अडवत नाहीये.”

“म्हणजे?”

“अडलं असतं तर दाब वाढला असता. दाब नाहीसा होतोय. पिस्टन या जागी आला की तेल त्याच्या कडेनं पलीकडे निसटतंय. ढकलायलाच कुणी उरत नाही.”

“आतून बॅरल गेलंय,” महेंद्र म्हणाला. सिलिंडरच्या नळकांड्याला ते बॅरलच म्हणत. “एवढ्याच जागेत.”

नीरजानं मान हलवली. मग तिनं धाकूकडे बघितलं. “त्या दोस्तानं, पोपट नेतो म्हणाला तेव्हा, हात कुठे ठेवला होता?”

“पायावर. नमस्कार करतात तसा.”

“आणि बाकीचे? ज्यांचं ऐकलं, ते?”

धाकूनं टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. त्याला हा प्रश्न आवडला नव्हता. “पाया पडल्याबिगर कोन शब्द देतो का बाय?”

ट्रे अजून तिथेच होता, पंप चालू. नीरजा ओंडक्यांच्या या टोकाशी गेली. तिनं वाकून कडेवर तळहात टेकवला. जोर लावला नाही, निदान लावला असं तिला वाटलं नाही. वाकलेल्या माणसाचं वजन हातावर येतं तेवढंच. तळहाताखाली ते थरथरलं, झोपेत कूस बदलल्यासारखं, आणि हातातून निघून आत गेलं. तिनं तोंडातून एक शब्दही काढला नव्हता.

बाहेर नळावर ती बराच वेळ हात धूत राहिली. बाबांनी तिचं ऐकलं नव्हतं. बाबांनी काहीच केलं नव्हतं. ते अर्ध्यात थांबले होते, आणि आत ढकलणारी होती ती.

सिलिंडर उतरवून डोंबिवलीला आणला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात तिनं तो उघडला. पिस्टन बाहेर आला तो राखाडी गाळात माखलेला. तेलात लोखंडाचा चुरा असतो तेव्हा तो चमकतो, हा चमकत नव्हता. दोन बोटांत चोळल्यावर तो मऊ लागला आणि त्यात अगदी बारीक कचकच होती. दर्शनाला ट्रे थांबतो, भट्टीचं दार उघडं असतं, आणि तेवढा वेळ तेलानं ओला रॉड उघडा राहतो. त्यावर उडून काय बसत असेल ते कळायला प्रयोगशाळा नको होती. रॉड मागे येताना ते आत ओढलं जायचं. वर्षानुवर्षांचं, कुणाकुणाचं. तिनं चिंधी उचलली आणि परत ठेवली. बोटं तशीच राहू दिली. मग बॅरल उजेडाकडे धरून एका डोळ्यानं आरपार बघितलं. आतली भिंत आरशासारखी, आणि मध्ये एक मंद पट्टा, आरशावर कुणी श्वास सोडल्यासारखा. तिनं पट्टीनं मोजलं, मग पुन्हा मोजलं. पिवळ्या पट्ट्यावर ट्रे असताना पिस्टन जिथे असतो, तिथूनच तो पट्टा सुरू होत होता. तिथे तो सतत थांबवला जायचा. थांबल्यावर कण खाली बसायचे, निघताना ओझ्याखाली तेच कण भिंत खरवडायचे. लोक बघायचे म्हणून तो थांबायचा, आणि थांबून थांबून तिथे भिंतच उरली नव्हती. मागच्या माणसानं सील बदललं होतं. सगळे सीलच बदलतात. सील काय करणार, त्याला टेकायला भिंत लागते.

“आतून घासून, होनिंग करून भागणार नाही,” महेंद्र म्हणाला, “नवीन बॅरलच टाकू. तुला बरं नाही का?”

“बरी आहे.”

संध्याकाळी वर्तकनगरला घरी आई पावटे सोलत होती. नीरजा समोर बसली, दोन-चार शेंगा तिनंही सोलल्या. मग सांगितलं. ट्रे, काटा, झिजलेली जागा, सगळं, बाबा भूमिती समजावायचे तसं, एका पायरीनंतर दुसरी. आई सोललेले दाणे वाटीत टाकत राहिली.

“म्हणजे बिघडलेला होता तो,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“मग तुझ्याच शब्दाला कसा सुटला?”

“शब्दाला नाही गं, आई. मी हात टेकवला होता. त्या धक्क्यानं गेला.”

“हात तर भाऊजींनीही लावला होता.”

नीरजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. “कुठे? पायांना? की छातीवर?”

“ते काय माझ्या लक्षात आहे?” आईनं वाटी हलवून दाणे सारखे केले. “लावला होता एवढं खरं. तू शब्द दिलास तेव्हाच गेले ते. सगळ्यांनी पाहिलंय. तेवढंच मला पुरतं, नीरजा. तेही नको काढून घेऊस.”

काकांना फोन करून विचारता आलं असतं. तिनं नंबर काढला आणि तो बघत बसली. छातीवर म्हणाले तर सगळं जुळतं, तिथला हात खाली दाबतो, आत ढकलत नाही. पायांना म्हणाले तर? मग काकांच्या हाताला न हललेलं तिच्या हाताला हललं, आणि ते का हे कुठल्याच काट्यावर दिसणार नव्हतं. तिनं फोन ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक मोजमाप घेण्यासारखं असूनही घेतलं नाही. झोपेत तिला गेज दिसलं, काच काजळलेली, आणि ती पुसत होती, पुसत होती, आणि काचेमागे संत्र्याची एक फोड होती.

नवीन बॅरल बसवून झालं तेव्हा धाकूनं तेच ओंडके पुन्हा रचले. ट्रे पट्ट्यावर थांबला, सुटला, आणि एका चालीत आत गेला. महेंद्रनं टाळी दिल्यासारखा हात पुढे केला. धाकू उघड्या दाराकडे बघत राहिला.

“आता कोनीच नाय थांबनार?”

“नाही,” नीरजा म्हणाली.

“मंग लोकांनी शब्द द्यायचा कवा?”

तिनं त्याला एवढंच सांगितलं, की दर्शनाची जागा रोज थोडी बदलत जा, एकाच पट्ट्यावर नको. धाकू पुटपुटला की पट्टा ट्रस्टनं रंगवलाय, आपल्याला इचारून नाय.

परतताना तिनं महेंद्रला मानपाडा रोडला टेम्पो थांबवायला सांगितलं. उन्हं कलली होती. पोळीभाजी केंद्राचं बाकडं तिथेच होतं, रंग बदललेला. आतल्या गल्लीतली ती इमारत तिला ठाऊक होती, वर कधी गेली नव्हती इतकंच. जिन्यात फोडणीचा वास होता आणि दुसऱ्या मजल्यावर गोधडी वाळत होती, फोटोतली. उत्तर तिनं अजून पाठवलं नव्हतं. काय लिहायचं हे ठरवून ती आलीच नव्हती. शब्द मोडतेय की शब्द कधी दिलाच गेला नव्हता, हेही तिला सांगता आलं नसतं. काकांचा हात मध्येच कुठेतरी होता, छातीवर किंवा पायांवर, आणि तो आता कायम तिथेच राहणार होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंख्याचा घुमणारा आवाज येत होता. नीरजानं उजवा तळहात दारावर टेकवला आणि थांबली. सवयीनं ती वाट बघत होती, हाताखाली काही थरथरेल, काही आपोआप निघून जाईल. काहीच झालं नाही. लाकूड होतं, थोडं दमट. बोटांच्या रेषांत राखाडी अजून होतं, कितीही धुतलं तरी. मग तिनं ढकललं. या वेळी तिला नीट कळलं की आपण ढकलतोय.

दार वीतभर उघडलं आणि थांबलं.

पंखा घुमत होता. तिनं हात काढला नाही, आणखी थोडा जोर लावला, आणि पलीकडून तेवढाच जोर परत आला. तिनं वाढवला, तो वाढला. दाराच्या मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, जड, दोघांसाठी घेतल्यासारखा.

“थांब गं जरा,” दारामागून ताईचा आवाज आला. “मागेच उभी आहे मी. मला पटकन सरकता येत नाही आता.”

नीरजा हलली नाही. तळहाताखालचा दाब चढत होता. अडवणारं कुणीतरी होतं.